लाटण्याचा मासा

आईचं लाटणं घरात नाही, हे भाग्यश्रीला रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला कळलं. मला ते तेवीस दिवस आधीपासून माहीत होतं.

गुरुवारी श्यामलाचं वर्षश्राद्ध होतं. पुरणपोळ्या विकत आणायच्या नाहीत, आईच्याच पोळपाट-लाटण्यावर आपण करायच्या, असं माझ्या मुलीने ठरवलं होतं. म्हणून ती खराडीहून कसब्यात भांडी बघायला आली होती. पुरणयंत्र सापडलं. पोळपाट सापडला. मग तिने ओट्याखालचं फडताळ उघडलं, खण उपसला, पिठाच्या डब्यामागे हात घालून पाहिला.

"बाबा, आईचं लाटणं कुठंय?"

"असेल तिथंच."

"तिथंच म्हणजे कुठं?"

"लाटणं ठेवतात तिथं."

मी त्या वेळी चहा पीत होतो. कप कधीच रिकामा झाला होता, पण मी पीत राहिलो. तिच्या भुवया श्यामलासारख्या आहेत. त्या वर गेल्या की मला आजही उभं राहावंसं वाटतं.

"आईने ते मला दिलं होतं," ती म्हणाली. "हॉस्पिटलमध्ये. म्हणाली, बाकी काही नेऊ नकोस, पण लाटणं तुझं. मीच इतके दिवस नेलं नाही. म्हटलं, राहू दे बाबांपाशी."

हे मला माहीत नव्हतं. तोपर्यंत मला होती ती नुसती काळजी. भीती इथून सुरू झाली.

कारण लाटणं तिच्यापासून चार हातांवर, शिवणयंत्राच्या खणात, जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेलं होतं. ते साडेपाच इंच लांब होतं, त्याला दोन डोळे होते, पाठ हिरवी होती आणि पोटाला तीन तोंडांचे दोन गळ लटकत होते.

आता हे कसं झालं ते सांगतो. मी एकतीस वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात पॅटर्नमेकर होतो. इंजिनाचा लोखंडी भाग ओतायचा असला की आधी तो लाकडात करावा लागतो, तो मी करायचो. पुढे बाहेरच्या कंपन्या आल्या, कॉम्प्युटर आले, आमचं लाकूड संपलं आणि आम्हाला स्वेच्छेने घरी जायला सांगितलं. स्वेच्छा त्यांची होती. जावई योगेश त्या कॉम्प्युटरवाल्यांतला, पण मुलगा चांगला आहे. तो कंपनीच्या कामासाठी सहा महिने स्वीडनला राहून आला आणि येताना मासेमारीचं वेड घेऊन आला. एक दिवस त्याने माझ्या हातात एक लाकडी मासा ठेवला.

"बाबा, हा जर्कबेट. तिकडे पाइक म्हणून मासा असतो, एकदम अ‍ॅग्रेसिव्ह, मगरीसारखं तोंड. त्याला फसवायला हा. पण हा आपोआप हलत नाही. आपण झटका द्यायचा, की हा एकदा डावीकडे घसरला पाहिजे, एकदा उजवीकडे. माझा सारखा डावीकडेच जातोय. ट्यूनिंग गेलंय. तुम्ही वुडमधले ना? बघा ना जरा."

श्यामला गेल्यापासून मला कुणी काही बघायला सांगितलं नव्हतं. सगळे मलाच बघायला यायचे. मी तो मासा घेतला. आमच्या घरात मासा कधी शिजला नाही, पण लाकडाला सोवळं नसतं. मला वाटलं, पोटातलं शिसं हललं असेल, म्हणून मी पोटाला भोक पाडायला घेतलं आणि ड्रिल पाठीतून बाहेर आलं.

एकतीस वर्षांत माझा एक साचा परत आला नव्हता, आणि एका खेळण्याच्या माशाने माझी अब्रू घेतली. योगेशला हे सांगण्यापेक्षा नवा मासा करून द्यावा, त्याच्या स्वीडनपेक्षा चांगला, असं मी ठरवलं. त्याला लाकूड हवं होतं जुनं, पूर्ण वाळलेलं, पाण्यात न फुगणारं. बाजारात हल्ली मिळतं ते लाकूड अजून झाड आहे. मी दोन दिवस पेठा पालथ्या घातल्या. तिसऱ्या दिवशी पोळी-भाजी केंद्रातून आणलेल्या पोळ्या डब्यात ठेवताना लाटणं दिसलं.

ते मीच केलं होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी, कारखान्यात उरलेल्या सागवानाच्या तुकड्याचं. गेटवर पास करावा लागला होता, 'लाकडी दांडा, नग एक, वैयक्तिक'. अठ्ठावीस वर्षं तेल आणि पीठ प्यालेलं सागवान. वर्षभर ते कुणी हातात घेतलं नव्हतं. मी केलं, मी मोडलं तर कुणाचं काय गेलं, असा मी विचार केला. विचार मी नीट केला होता, एवढंच माझं म्हणणं आहे.

करवत लावली तेव्हा भाजलेल्या पिठाचा वास आला. तिथेच थांबायला हवं होतं. पहिला अर्धा कोरताना चिरला. त्याचे तुकडे कचऱ्यात टाकवेनात, म्हणून कागदात गुंडाळून मुठेत सोडून आलो आणि घरी येऊन आंघोळ केली. दुसऱ्या अर्ध्याचा मासा झाला.

तर, रविवारी दुपारपर्यंत भाग्यश्रीने घर उलटं केलं. मीही शोधत होतो. तिने खणाला हात लावला की मी म्हणायचो, "तिथं मी पाहिलंय." संध्याकाळी ती गेली तेव्हा रडवेली झाली होती, आणि जाताना म्हणाली, "तुमच्यावर रागावले का मी? रागावले असेन तर सॉरी."

मला त्या रात्री पोळी गेली नाही.

सोमवारी मी बद्रीनाथकडे गेलो. कसब्यात आमच्या मागच्या गल्लीत तो लाकडावर कातकाम करतो, पाळणे, लाटणी, भोवरे. त्याला म्हटलं, मला जुनं लाटणं हवंय. तो म्हणाला, "जुनं लाटणं घरी असतं. दुकानात नवं मिळतं." मी त्याच्याच यंत्रावर बसलो आणि हुबेहूब करून दाखवलं. लांबी, जाडी, टोकाचा गोळा, सगळं हातांना आठवत होतं. फक्त रंग कोवळा दिसत होता.

"चहात उकळा," बद्रीनाथ म्हणाला. "मग तेल. मग हळद-पीठ चोळा. मी मुंबईच्या लोकांना दीडशे वर्षांपूर्वीची म्हणून देतो."

गुरुवारी भाग्यश्री आली तेव्हा मी लाटणं ओट्यावर ठेवलेलं होतं. "सापडलं. पोटमाळ्यावर होतं." तिने ते छातीशी धरलं. तिने एक पोळी लाटली. मग थांबली. लाटणं उचलून नाकाशी नेलं.

"बाबा, याला चहाचा वास येतोय."

मी पुरणाच्या पातेल्यात डाव फिरवला.

"आणि आईचं उजवीकडे झिजलेलं होतं. ती उजव्या हाताने जोर द्यायची. पोळी आपोआप गोल फिरायची." तिने लाटणं खाली ठेवलं आणि पिठाच्या हातांनी मला धरलं. "तुम्ही माझ्यासाठी नवं केलंत? मी रागावले म्हणून? बाबा, तुम्ही इतके दिवस एकटे बसून हे असं काय काय करता हो?"

खरं सांगायची ती वेळ होती. गुरुजी पाट मांडत होते, वरण उतू जात होतं, आणि मी म्हणालो, "हं."

मग ती योगेशला आतल्या खोलीत घेऊन गेली आणि दोघं हळू आवाजात बोलू लागली. ती दोघं जूनमध्ये दोन वर्षांसाठी स्वीडनला जायची होती, या वेळी दोघांचीही कामं होती. "त्यांना असं टाकून कसं जायचं?" एवढं मला ऐकू आलं. योगेश जेवून निघताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाबा, पुढच्या शनिवारी तो मासा घेऊन जातो हं."

म्हणजे मासा आता चालायलाच हवा होता. एवढं करून तो सारखा डावीकडे गेला, तर श्यामलाला मी काय सांगणार होतो?

आमच्या खालच्या मजल्यावर यज्ञेश्वरराव राहतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, त्यामुळे जिथे जिथे पाणी आहे तिथे ते तज्ज्ञ. त्यांना मी नुसतं विचारलं, लाकडाची वस्तू पाण्यात ओढून बघायची तर कुठे बघावी.

"किती पाणी?"

"दहा फूट लांब तरी हवं."

"अहो, मग गच्चीवरची टाकी काय शोभेला आहे? आधी तिथे बघा. तिथे जमलं नाही तर खडकवासल्याला जा. माझं नाव सांगा. तिथला दगड न् दगड मला ओळखतो."

रविवारी दुपारी सगळे झोपले असताना मी गच्चीवर गेलो. गळ काढून ठेवले होते. मासा उकळत्या पाण्यातून काढला होता. लोक तेच पाणी पितात, मी काही अडाणी नाही. झाकण सरकवलं, टाकीवर पालथा पडलो आणि मान आणि दोन्ही हात आत घातले. मासा सोडला. पाठ बरोबर पाण्याच्या रेषेत तरंगली, ते पाहून बरं वाटलं. झटका दिला. डावीकडे. पुन्हा डावीकडे. नाकातली तारेची कडी पकडीने केसभर उजवीकडे वळवली. पुन्हा सोडला. आता तो कुशीवर पडला. म्हणजे पोटात शिसं कमी होतं. नीट दिसावं म्हणून मी आणखी थोडा आत सरकलो.

तेवढ्यात कुणीतरी माझ्या लेंग्याला धरून मला मागे ओढलं. सोसायटीचे सेक्रेटरी रावसाहेब होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"रंगराव, काय पडलं आत?"

"काही नाही."

"मग काय पडणार होतं?"

मी मासा बनियनमध्ये लपवला होता. त्यामुळे माझा एक हात छातीवर होता. तो पाहून ते एकदम मऊ आवाजात म्हणाले, "चला, खाली चला. आमच्याकडे चहा घ्या. एकटं गच्चीवर येत जाऊ नका."

सोमवारी गच्चीला कुलूप लागलं आणि जिन्यात पाटी लागली, 'टाकीत वाकून पाहू नये. पाणी आत आहे याची खात्री सोसायटी देते.' त्याखाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं, 'कधी?' त्या दिवसापासून माझ्याकडे शिरा यायला लागला. पहिल्या मजल्यावरून शिरा, तिसऱ्यावरून उपमा. यज्ञेश्वरराव येऊन तासभर बसले आणि आयुष्य किती सुंदर आहे ते सांगून गेले. ते स्वतः कधी हसलेले मी पाहिलेले नाहीत. मला वाटलं, टाकीत मासा सोडला हे सगळ्यांना कळलंय आणि आता सोसायटी माझ्यावर काहीतरी करणार आहे, त्याआधी गोड बोलतायत. मी शिरा घाबरत घाबरत खाल्ला.

बुधवारी सकाळी मी खडकवासल्याच्या बसमध्ये बसलो. पिशवीत मासा, पकड, हातड्रिल, मेण आणि पतंगाची आसारी होती, तिला मांजाऐवजी नायलॉनची दोरी गुंडाळलेली. योगेशकडे काठी आणि चक्र असतं. मी कसब्यातला माणूस, मला ओढ आणि ढील हातानेच कळते. लेंग्याच्या खिशांत शिशाचे तुकडे होते, लागेल तसं वजन घालायला. दोन्ही खिसे जड झाले होते.

मला पोहता येत नाही. पाण्याची भीती मला लहानपणापासून आहे. नदीवर कपडे धुवायलासुद्धा श्यामला पुढे आणि मी काठावर बादली धरून. पण काठावरून दोरी गवतात अडकत होती. म्हणून चपला काढल्या. मनगटातलं घड्याळ काढलं. चष्मा काढला. सदरा घडी करून दगडावर ठेवला आणि त्यावर हे सगळं ओळीने मांडलं. वस्तू मांडून ठेवायची मला कारखान्यातली सवय आहे. मग गुडघाभर पाण्यात गेलो.

दोनदा बाहेर येऊन दगडावर बसून पोटात आणखी शिसं ठोकलं, वरून मेण भरलं, गळ लावले. तिसऱ्यांदा पाण्यात उतरलो आणि मासा फेकला. ओढ दिली, लगेच ढील दिली. तो डावीकडे घसरला. ओढ, ढील. उजवीकडे. ओढ, ढील. डावीकडे. ढील देणं महत्त्वाचं असतं. नुसतं ओढत राहिलं तर तो सरळ येतो, मेल्यासारखा. ढील मिळाली की तो वळतो. मी तीन फेका केल्या. तिन्ही वेळा तो डावी-उजवी, डावी-उजवी करत माझ्या पायापर्यंत आला. वर्षभरात मला पहिल्यांदा काही जमलं होतं. बघायला कुणी नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी ओल्या हाताने पुसलं.

चौथ्या फेकीला पाणी उसळलं. काळं, रुंद डोकं दिसलं. मरळ असावी. आसारी हातात गरगर फिरायला लागली. बोटं सोलली. मासा पकडणं माझ्या योजनेत कुठेच नव्हतं. मला फक्त एवढंच कळलं की लाटणं चाललंय. आसारीवरची दोरी संपली, टोक बांधलेलं नव्हतं, ते पाण्यावरून सुळकन जाताना दिसलं आणि मी त्याच्यामागे धावलो. कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. दोन्ही खिसे मला खाली ओढत होते. मी ओरडत होतो, "थांब! थांब, मी आलो!"

"ओ आजोबा! मागं फिरा! मागं फिरा म्हंतो ना!"

धरणावरचा पहारेकरी होता. त्याने बुटांसकट उडी घेतली आणि मला काखेत हात घालून बाहेर काढलं. त्याचं नाव हिंदुराव, ते त्याच्या छातीवरच्या पट्टीवर लिहिलेलं होतं. त्याने आधी दगडावर मांडलेल्या वस्तू पाहिल्या. मग माझे खिसे चाचपले आणि एकेक करून शिशाचे तुकडे बाहेर काढले. मग तो माझ्याशेजारी बसला.

"काय हो, असं करत्यात व्हय? घरी कोन हाय?"

"कुणी नाही," मी म्हणालो. ते खरं होतं.

चौकीत त्याने मला चहा दिला आणि रजिस्टर उघडलं. "कारन लिवावं लागतंय. पान्यात कशाला गेला व्हता?"

समोर भिंतीवर पाटी होती, परवान्याशिवाय मासेमारी हा गुन्हा आहे. मी म्हणालो, "मी मासे पकडत नव्हतो. मला यज्ञेश्वररावांनी पाठवलंय."

"कोन यज्ञेश्वर?"

"पाटबंधारे खात्यातले."

"मला नाय म्हाईत. बरं, मासं पकडत नव्हता. मग?"

आता खोटं बोलायची शक्ती उरली नव्हती. शिवाय हा माणूस परका होता. मी त्याला पहिल्यापासून खरं सांगितलं. "माझ्या बायकोचं लाटणं होतं. ते माशाने नेलं."

हिंदुरावने पेन खाली ठेवलं. मला दुसरा चहा दिला आणि स्टूल माझ्याजवळ ओढलं. मग माझ्या पिशवीतून डायरी काढली, तिच्यात भाग्यश्रीचा नंबर शोधला आणि बाहेर जाऊन फोन केला. मी दारातून ऐकत होतो. "ताई, घाबरू नका, मानूस जित्ता हाय. पर सारखं लाटनं लाटनं करत्यात."

ती दोघं दीड तासाने आली, कंपनीच्या गाडीतून, गळ्यात ओळखपत्रं तशीच. भाग्यश्री चौकीच्या दारात उभी राहिली. तिने टेबलावरचं शिसं पाहिलं, घडी केलेला सदरा पाहिला, माझे सोललेले हात पाहिले. ओरडेल असं मला वाटलं होतं. ती खाली बसली आणि माझ्या ओल्या गुडघ्यांवर डोकं ठेवलं.

"मी लाटण्यावरून बोलले म्हणून, ना बाबा?"

"अगं, तसं नाही."

"एका लाटण्यासाठी मी तुम्हाला काय काय बोलले. वर तुम्ही नवं करून दिलंत तर त्याचा वास घेतला मी. वास घेतला!"

"भाग्यश्री, ऐक. मी मरायला आलो नव्हतो."

"बरं," ती म्हणाली. दवाखान्यात श्यामलाला ती जसं 'बरं' म्हणायची, तसंच.

गाडीत योगेश पुढे बसला होता. त्याच्या मांडीवर माझी रिकामी आसारी होती. तो ती फिरवून बघत होता. एकदम मागे वळला. "बाबा, एक मिनिट. तुम्ही ट्यूनिंग करत होतात?"

सुटलो असंही वाटलं आणि मेलो असंही.

"योगेश," भाग्यश्री म्हणाली, "ही वेळ आहे का तुझ्या माशांची? समोर बघ."

तो समोर बघायला लागला. घरी आल्यावर ती शेजाऱ्यांशी बोलत असताना तो माझ्याजवळ आला आणि कुजबुजला, "चालला का हो?"

"तुझा माझ्या हातून फुटला, म्हणून नवा केला. डावी-उजवी, डावी-उजवी. शेवटी मरळीने नेला."

"सही! बाबा, भागीला मी सांगतो, तुम्ही फक्त मासे—"

"नको. मी सांगतो. मला सांगू दे."

"नक्की? बरं. लाकूड कुठलं होतं?"

"सागवान," मी म्हणालो.

याला आता आठ दिवस झाले. भाग्यश्री माझ्याकडे राहायला आली आहे. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर मांडून ती इथूनच काम करते. बाथरूमची कडी काढली आहे, त्यामुळे मी आत असताना गाणं म्हणावं लागतं. गाणं थांबलं की ती दार वाजवते. सुरी, करवत, कपडे वाळत घालायची दोरी, सगळं रावसाहेबांच्या घरी गेलं आहे. डॉक्टरांकडे दोनदा झालं. त्यांनी विचारलं, मनावर काही ओझं आहे का? मी हो म्हणालो, तर त्यांनी गोळी वाढवली. भाग्यश्री त्या नव्या लाटण्यावर रोज पोळ्या करते, आणि प्रत्येक पोळीला सांगते की छान होतात याच्यावर, आईच्यापेक्षा छान. तिचा आवाज तेव्हा कसा येतो ते मला ऐकू येतं.

काल फोनवर ती तिच्या साहेबाशी बोलत होती. "नाही सर, वडिलांची तब्येत. नाही, मी मध्यंतरी त्यांच्याशी नीट वागले नाही, माझीच चूक." मग तिने सांगितलं की स्वीडनला येत नसल्याचं ती शुक्रवारपर्यंत लेखी कळवेल. मी पलीकडच्या खोलीत होतो. उठलो, दारापर्यंत आलो. तिने मान वर करून पाहिलं आणि विचारलं, "काय हवंय, बाबा?"

"पाणी," मी म्हणालो. तिने ते पेल्यात अर्धंच आणून दिलं आणि मी पिईपर्यंत समोर उभी राहिली.

आज गुरुवार आहे. तिला अजून सांगितलेलं नाही.